हळकुंड मोडून बघणारे सर

मराठवाड्याला स्वातंत्र्य देशाच्या मागून वर्षभराने मिळालं, हे शाळेत शिकवतात. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आणखी एक स्वातंत्र्य वसमतला आलं, आणि ते पुण्या-मुंबईच्या बरोबरीने आलं, हे मात्र कोणी शिकवत नाही. नांदेड स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर एक इंग्रजी मासिक होतं, त्याच्या पोटात एक सीडी चिकटवलेली होती, आणि त्या सीडीवर बसून ते एसटीने आलं. आणणारे सर माझे सहकारी होते आणि घरमालकही. स्टँडवर उतरताना त्यांनी सीडी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मला पाहताच म्हणाले, "सर, आजपासून आपण मोकळे."

मी विचारलं, "कशातून?"

त्याचं उत्तर स्टँडपासून घरापर्यंत चाललं आणि दारात उभं राहून आणखी बराच वेळ चाललं. मला त्यातून एवढंच कळलं की आपण आजवर गुलाम होतो. मी इतिहास शिकवणारा माणूस. तोवर मी कॉम्प्युटरला बोटही लावलं नव्हतं, त्यामुळे आपण गुलाम कधी झालो याचा साल-तारखेनिशी पत्ता लागेना. पण सर भौतिकशास्त्राचे होते, आणि आमच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या माणसाला इतिहासाच्या माणसापेक्षा जास्त कळतं असं सगळेच धरून चालत. त्यात आम्हीही आलो.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन असे आणि पेनाच्या शेजारी पेचकस. पेन पुष्कळदा विसरत, पेचकस कधीच नाही. एकदा हजेरीवर सही करायला त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि क्षणभर तोच कागदावर टेकवला. नव्या वस्तूकडे ते मोठ्या प्रेमाने बघत, पण समोरून नाही. आधी पाठ बघत, मग बूड बघत. स्क्रू दिसले की चेहरा फुले. स्क्रूऐवजी नुसता गुळगुळीत सांधा दिसला की म्हणत, "हे लबाड हाय."

या स्वभावाचं मूळ वसमतच्या मोंढ्यात होतं. मोंढ्यात हळद विकायला आली की घेणारा पोत्याच्या तळाशी हात घालतो, एक हळकुंड काढतो आणि कटकन मोडतो. मोडताना आवाज कसा आला ते ऐकतो, आतला रंग बघतो, आणि मग बोली लावतो. सरांचे वडील हळद पिकवणारे. त्यामुळे सरांनी लहानपणापासून पाहिलेला व्यवहार असा: मोडून बघा, मग घ्या. न मोडता घ्यायची वस्तू त्यांच्या मते जगात एकच, देवाचा प्रसाद. आणि तोही ते वास घेऊन घेत.

दुसरी गोष्ट बेण्याची. लागवडीला हळदीचं बेणं कमी पडलं की शेजारी देतो. पुढल्या साली ते त्याला परत जातं, किंवा तिसऱ्याच कोणाला लागलं तर तिकडे जातं. देताना कोणी अशी अट घालत नाही की हे एकाच वावरात लाव, दुसऱ्याला देऊ नको, आणि माती उकरून गड्डा बघितलास तर माझी जबाबदारी संपली. कॉम्प्युटरच्या कंपन्या नेमक्या याच अटी घालतात, असं सरांचं म्हणणं होतं.

"मला सांगा सर," ते म्हणत, "बेणं दिलं अन् म्हणे उकरून बघू नको. काहून? आत काय बॉम्ब हाय?"

त्या सीडीवर कॉम्प्युटर चालवणारी जी प्रणाली होती, लिनक्स नावाची, ती बेण्यासारखी होती. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी, पुढे द्यावी. जगभरातल्या अनोळखी माणसांनी मिळून ती लिहिली होती. हे ऐकून मी विचारलं की यात त्यांचा फायदा काय. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सगळी पदवी व्यर्थ वाटली.

पुढे देण्याचं काम सरांनी लगेच हाती घेतलं. त्या साली आमच्या भागाचा परभणीतून फुटून नवा जिल्हा झाला होता, आणि नवा जिल्हा नव्या प्रणालीवर चालावा असं सरांना वाटे. जिल्हा मात्र जुन्याच प्रणालीवर चालला. मग सरांनी लग्नसराई धरली. पोशाखाच्या आहेराऐवजी ते नवरदेवाच्या हातात हळदीकुंकवाचं बोट लावलेली सीडी ठेवू लागले. एका घरी ती व्हीसीडी प्लेअरमध्ये घातली गेली. पाहुणे सतरंजीवर बसले, पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. सरांनी खराब पिक्चर आहेर केला, असं त्या घराण्यात आजही बोललं जातं.

घरात तर उघडून न ठेवलेली वस्तू शोधावी लागे. मिक्सर उघडा, इस्त्री उघडी, पंख्याची टोपी उतरवलेली. स्क्रू वहिनींच्या वाट्यांमध्ये. वहिनी आमटी वाढण्याआधी प्रत्येक वाटी उपडी करून आपटत, आणि ही सवय त्यांना इतकी लागली होती की दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेल्या तरी तसंच करीत. माझ्या खोलीचं कुलूपही सरांनी आतली रचना बघायला नेलं होतं. मी तिथे असेपर्यंत ते परत आलं नाही. चोर आला तर काय, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले की आत काय आहे ते चोराला मोकळेपणी बघू द्यावं, बघितल्यावर तो नेणार नाही. खोलीत माझी पुस्तकंच होती, त्यामुळे त्यांचं खरं ठरलं.

रंगीत टीव्ही घ्यायला आम्ही दोघं हिंगोलीला गेलो होतो. सरांनी दुकानदाराला टीव्हीचं मागचं झाकण काढायला सांगितलं. दुकानदाराला आधी वाटलं, हे गिऱ्हाईक भाव पाडायची नवी तऱ्हा करून राहिलं. मग त्याने झाकणावरचा कागदी शिक्का दाखवला आणि समजावलं की हे सील तुटलं की गॅरंटी गेली.

सर शांतपणे म्हणाले, "मंजे तुमची गॅरंटी माझ्या न बघण्यावर हाय."

दुकानदाराने चहा मागवला. सरांनी टीव्ही घेतला, एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर आणला, आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी उघडला. झाकण परत बसवल्यावर चित्र उत्तम दिसू लागलं, आवाज मात्र गेला. गॅरंटी आधीच गेली होती. वहिनी बरीच वर्षं मालिका तशाच बघत. सासू रडते की सून हे आवाजाशिवायही कळतं, असं त्यांचं मत होतं.

वहिनी गोरेगावच्या, मुंबईच्या नव्हे, हिंगोलीकडच्या. माहेरी थोडी शेती आणि शेळ्यामेंढ्या. बोलणं कमी, पण जे बोलत ते मोडलेल्या हळकुंडासारखं, आतला रंग दाखवणारं. सरांच्या तत्त्वाला त्यांनी एकदाच उत्तर दिलं होतं. "मोंढ्यात हळकुंड मोडत्यात ते बराबर," त्या म्हणाल्या. "पण मोडलेलं हळकुंड जोडून पोत्यात ठेवल्यालं पाहिलं का कोणी? ते फेकूनच देत्यात."

सरांना हे उत्तर आवडलं. त्यावर विचार करायला ते पेचकस घेऊन बसले.

गावात सरांचा एक वैचारिक शत्रू होता. तो कॉम्प्युटर क्लास चालवी. एप्रिल-मेच्या उन्हातही टाय बांधून बसे, म्हणून त्याला सगळे टायवाला म्हणत. क्लासच्या पाटीवर त्याचा स्वतःचा फोटो होता, त्यातही टाय. त्याच्याकडे जगातला कुठलाही प्रोग्रॅम कॉपी केलेल्या सीडीवर मिळे. विचारलं की अभिमानाने सांगे, "ओरिजिनल कॉपी हाय सर." सर त्याच्या दारावरून जाताना मान फिरवीत. कंपनीचा बंद माल विकत घेणारा गुलाम, पण तोच माल चोरून वापरणारा त्याहून वाईट, कारण त्याने गुलामीसाठी चोरी केली. "चोरीचं बेणं लावलं," ते म्हणत, "तरी वावर त्या कंपनीचंच व्हते." याचा परिणाम असा की अख्ख्या तालुक्यात चोरीचा एकही प्रोग्रॅम नसलेला कॉम्प्युटर सरांचाच होता, आणि ज्यावर कोणाचंच काही उघडत नाही असा कॉम्प्युटरही तोच होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेत, असं लोक सरांबद्दल म्हणत. सरांच्या मते ते अर्धं हळकुंड तरी आतून पाहिलेलं होतं.

कॉलेजच्या कॉम्प्युटर कक्षाचं उद्घाटन सरांच्या आयुष्यातला मोठा दिवस. प्राचार्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, म्हणून सर्व यंत्रांवर सरांनी आपली प्रणाली चढवली. उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला, खुर्चीवर बसले आणि सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वाहिली आणि एका ठिकाणी थांबली.

"हे काय विचारून राहिलं?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"तुमचं नाव विचारून राहिलं," सर म्हणाले.

पुढाऱ्यांनी खुर्ची मागे सारली. या तालुक्यात आपलं नाव विचारणारं हे पहिलंच, असं ते प्राचार्यांना म्हणाले. पुढच्या आठवड्यात टायवाल्याला बोलावून सगळ्या यंत्रांवर ओरिजिनल कॉप्या बसवण्यात आल्या. एक यंत्र मात्र सरांनी भांडून कोपऱ्यात ठेवून घेतलं.

हे सगळं आम्ही हसत सोसत होतो. वहिनींच्या मायच्या आवाजाची गोष्ट झाली तेव्हा मात्र घरात बरेच दिवस कोणी हसलं नाही.

वहिनींचा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला. एका भाऊबीजेला त्याने बहिणीला बोटभर लांबीचं, चंदेरी रंगाचं आवाज टिपायचं यंत्र दिलं. एक बटण टिपायचं, एक ऐकायचं. वहिनींना ते लगेच जमलं. त्याच दिवाळीत त्या गोरेगावला गेल्या आणि त्यांनी मायचा आवाज टिपून आणला. माय गाणं म्हणणारी बाई नव्हती. ती संध्याकाळी शेळ्यांना हाका मारी, तेच वहिनींनी टिपलं. भाऊ पुढे येऊन गेला तेव्हा त्याने ते टिपण सरांच्या कॉम्प्युटरवरही उतरवून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात माय गेली. घरात तिचा फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसे. त्यामुळे वहिनी दुपारी कामं आटोपली की यंत्र कानाशी धरून बसत. मी वरच्या खोलीतून जिना उतरताना ते दिसे. आपण त्या वेळी चप्पल हातात घेऊन उतरावं एवढं मलाही कळत होतं.

एक दिवस वहिनी बाजारात गेल्या. सरांना ते यंत्र मोकळं सापडलं.

मी कॉलेजातून आलो तेव्हा वहिनी नुकत्याच परतल्या होत्या, हातात भाजीची पिशवी तशीच. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर वाट्या. एकीत स्क्रू, एकीत बटणं, एकीत झाकणाचे दोन तुकडे, कारण या झाकणाला स्क्रू पुरेसे नव्हते, ते चिकटवलेलंही होतं. मधोमध हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या लाखेचा वाळलेला थेंब. सर पेचकसाचं टोक त्या थेंबावर टेकवून, विद्यार्थ्याला दाखवतात तसं वहिनींना दाखवत होते.

"माय इथं हाय," ते म्हणाले. "पण बघ ना, यांनी वरून लाख ओतली."

वहिनींनी पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि भाजी निवडायला घेतली. त्या दिवसापासून त्या सरांशी बोलायच्या बंद झाल्या.

बोलणं माझ्यामार्फत चाले. मी जेवायला खालीच असे. सर माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. वहिनी मला म्हणत, "सरांना म्हणावं, भाकर गार होऊन राहिली." मी सरांकडे बघे. सर मला म्हणत, "त्यांना म्हणा, घेतो." दोन राष्ट्रांमध्ये असं चालतं हे मी वर्गात शिकवलं होतं, मधे बसल्यावर ते किती दमवणारं असतं ते कळलं.

ते यंत्र काही पुन्हा जुळलं नाही. कॉम्प्युटरवर उतरवलेलं टिपण होतं, एवढीच आशा. सरांनी ते जपून ठेवलं होतं. पण मेहुण्याने ते उघडायला कंपनीचा जो प्रोग्रॅम सरांच्या प्रणालीवर कसाबसा बसवला होता तो सरांनी मेहुणा गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत पुसून टाकला होता. आणि ते टिपण कंपनीच्या स्वतःच्या साच्यात, फॉरमॅट म्हणतात त्यात, बंद केलेलं होतं, दुसऱ्या कशानेच उघडत नव्हतं. पडद्यावर त्याचं नाव दिसे, आकार दिसे, टिपल्याची तारीख दिसे. आवाज नव्हता.

सरांनी कंपनीच्या मदत केंद्राला एसटीडी बूथवरून फोन लावला. मी सोबत होतो. आधी बराच वेळ बासरी वाजली. मधून मधून एक बाई सांगत होती की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक सभ्य मुलगा आला. त्याने यंत्राचा नंबर विचारला आणि ते मॉडेल बंद झाल्याचं सांगितलं. प्रोग्रॅम परत मिळेल का? नाही, तोही बंद. नव्या मॉडेलमध्ये जुनं टिपण वाजेल का? नाही सर, पण नव्यात तुम्ही नवीन रेकॉर्ड करू शकता.

"कोणाचं?" सरांनी विचारलं.

पलीकडे कीबोर्डवर बोटं वाजली. मग तो मुलगा म्हणाला, "और कोई सहायता, सर?"

सरांनी रिसीव्हर हळूच ठेवला. एरवी ते घरी येईपर्यंत कंपन्यांवर बोलले असते. त्या दिवशी नुसते चालले.

मदत टायवाल्याकडे असेल हे मला सुचलं होतं, पण सरांना सांगायचं धाडस होत नव्हतं. कंपनीचा तो बंद पडलेला प्रोग्रॅम जगात कुठे असेल तर त्याच्या कपाटात. शेवटी मी जेवताना विषय काढला. सरांनी घास खाली ठेवला आणि तत्त्व सांगायला सुरुवात केली. चोरीचं बेणं, वावर, गुलामी, सगळं.

वहिनी तव्याकडे तोंड करून बसल्या होत्या. माझ्याशीही नाही, तव्याशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला यांचं तत्त्व ऐकायचं न्हाई. माय ऐकायचीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर टिपण उतरवलेली सीडी खिशात घालून टायवाल्याच्या क्लासची पायरी चढले. मी मागे. सगळ्या वसमतने ते पाहिलं असं सरांना वाटत होतं; खरं तर समोरच्या दुकानात एक माणूस झोपला होता. टायवाला उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान न फिरवता आलेल्या माणसापुढे काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने टाय सैल केला. प्रकार ऐकून घेतला, कपाट उघडलं, आणि खरंच, तो प्रोग्रॅम होता. त्याने तो बसवला. सर त्याच्या फोटोखालच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून होते, दवाखान्यात बसतात तसे.

प्रोग्रॅम सुरू झाला आणि त्याने एक चौकट दाखवली. टायवाल्याने वाचून सांगितलं, "ते यंत्र जोडा म्हणून राहिलं."

यंत्र वाट्यांमध्ये होतं.

टायवाल्याने त्याच्या पद्धतीचे सगळे उपाय केले. कुलूप चोरालाही दाद देईना. शेवटी तो म्हणाला, "सर, तुमी म्हणता ते बराबर हाय. लई बंद करून ठेवत्यात हे लोक." एवढ्या वर्षांच्या वादात सर जिंकले ते असे. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. सीडी परत खिशात ठेवताना त्यांचा हात पेचकसाला लागला, तसा त्यांनी तो काढून बाकावर ठेवला आणि तिथेच विसरले. संध्याकाळी टायवाला तो घरी आणून देऊन गेला.

त्यानंतर सरांनी कॉलेजच्या कोपऱ्यातलं ते आपलं यंत्र टेलिफोनच्या तारेला जोडलं आणि जिथे त्या बेणेवाल्या मंडळींची एकमेकांत लिहालिही चाले तिथे आपलं गाऱ्हाणं टाकलं. अमुक मॉडेल, अमुक साचा, जनावरांना हाका मारणाऱ्या सासूबाईंचा आवाज आहे, कोणाला उघडता येतो का. उत्तरं आली. एकाने विचारलं, गुरंवासरं का शेळ्या? त्याला नुसतीच उत्सुकता होती. दुसऱ्याने कंपनीला शिव्या दिल्या, त्याने सरांना बरं वाटलं. मग काही दिवसांनी पोलंडमधल्या एका दाताच्या डॉक्टरने लिहिलं. त्याच्याकडेही तेच यंत्र होतं, पेशंटच्या दातांबद्दल तो त्यात बोलून ठेवी. कंपनीने प्रोग्रॅम बंद केल्यावर लोकांचे दात अडकून पडले, म्हणून त्याने सुट्टीत बसून साचा कसा आहे ते शोधलं आणि उघडणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सोबत जोडला होता.

याबद्दल मी तुम्हाला काय देऊ, असं सरांनी विचारलं. डॉक्टरने एका ओळीत लिहिलं की आणखी कोणी मागितला तर त्याला द्या.

सरांनी ती ओळ मला दाखवली. दोनदा वाचून दाखवली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बेणं."

प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन घरी आलो तर वीज नव्हती. भारनियमनाचे दिवस होते. सर कॉम्प्युटरसमोर हात बांधून बसले. वहिनी उंबऱ्याशी, आमच्याकडे पाठ करून, सुपात ज्वारी निवडत. आपल्याला काय चाललंय ते माहीत नाही असं त्या दाखवत होत्या, पण तेवढीच ज्वारी पुन्हा पुन्हा निवडत होत्या. उन्हं कलली तेव्हा पंखा फिरायला लागला.

पहिल्यांदा जो आवाज आला तो बारीक, चिवचिवाटासारखा, भरभर पळणारा. वहिनी मागे न वळता मला म्हणाल्या, "सरांना म्हणावं, ही माय न्हाई. ही साळुंकी हाय."

वेग चुकला होता. सरांनी आकडे बदलले. आता आवाज जाड, ओढत ओढत आला. वहिनींनी कान दिला. "आता हा माझा बाप बोलून राहिला," त्या म्हणाल्या.

सरांनी कागदावर एक आकडा लिहिला, खोडला, परत लिहिला. मी त्यांना वर्गात, प्रयोगशाळेत, पुढाऱ्यांसमोर पाहिलं होतं. आकडा खोडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा आकडे बदलले.

आधी वारा आला. मग एक घुंगरू. मग लांबून एक बाई मोठ्याने, पण काही घाई नसल्यासारखी बोलली, "हुर्र... ये भुरे, ये. बांडे, तिकडं कुठं चालली? इकडं ये माय. चांदी कुठं हाय? चांदे..."

सूप थांबलं. गल्लीच्या पलीकडे शेजाऱ्यांची एक शेळी खांबाला बांधलेली, बसून होती. ती उठून उभी राहिली आणि कान टवकारून आमच्या दाराकडे बघू लागली. वेग बरोबर जमला याचा याहून मोठा पुरावा भौतिकशास्त्रातही नसावा.

हाका संपल्या. मग जवळून वहिनींचाच आवाज आला, "बोल ना माय, काही बोल."

"काय बोलू? चालू हाय का हे?"

"व्हय, चालू हाय."

"मंग एक ध्यानात ठेव," माय म्हणाली. "हे जावयाच्या हाती दिऊ नको बाई. खोलून ठेवील."

आणि टिपण संपलं.

वहिनी आधी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला. मग पुन्हा हसल्या. ज्वारी सगळी उंबऱ्यावर सांडली होती. हे वाक्य त्यांनी रोज दुपारी ऐकलं होतं आणि सरांना कधी सांगितलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या वळल्या आणि सरांकडे थेट बघून म्हणाल्या, "ऐकलं का?"

"ऐकलं," सर म्हणाले. मग म्हणाले, "त्यांचं बराबर हाय."

मी माझ्या खोलीत गेलो. माझी वकिली संपली होती.

डॉक्टरला सरांनी टपालाने चांगली पॉलिश केलेली हळकुंडं पाठवली. दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. आभार मानले होते आणि विचारलं होतं की या काड्या कशा उघडायच्या. सरांनी कळवलं: मोडून बघा.

मायचा आवाज सरांनी एका मोकळ्या साच्यात ठेवला, ज्यावर कुठल्याच कंपनीची मालकी नाही. तो साचा वसमतमध्ये दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर वाजत नसे, म्हणून वहिनींना माय ऐकायची तर सरांच्या कॉम्प्युटरसमोरच बसावं लागे. सर शेजारी बसून त्यांना साच्याचे फायदे सांगत. पुढे मोबाईल आले तेव्हा वहिनींनी टायवाल्याकडून तो आवाज सगळीकडे वाजेल असा करून घेतला. टायवाल्याने तोवर टाय सोडून मोबाईलचं दुकान टाकलं होतं. सरांनी त्याबद्दल त्याच्याशी आणि वहिनींशी, दोघांशीही वाद घातला नाही.

मी वसमतहून बदली होऊन आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. अधूनमधून वसमतला जातो. सर निवृत्त आहेत, खिशात पेचकस आहे. ते सांगतात की आपण जिंकलो. ती सीडीवरची प्रणाली आता जगभर पसरली आहे, बँकांच्या यंत्रांत आहे, लोकांच्या खिशांत आहे, खुद्द वहिनींच्या मोबाईलच्या आतही तेच बेणं आहे. मागच्या खेपेला त्यांनी मला ते दाखवायचं ठरवलं. वहिनींनी फोन दिलाही, अगदी हसतमुखाने दिला. सरांनी तो पालथा केला, उजेडात धरला, कडेने नख फिरवलं.

तो फोन कुठूनच उघडत नाही. वहिनींनी घेताना दुकानात तेवढंच विचारून घेतलं होतं.